दाराला पाय लावायचा नाही

भोरच्या आमच्या नाटकघरात मी खलनायक आहे. नाटकघर म्हणजे बंद पडलेली भातगिरणी. नव्वद खुर्च्या, वीतभर उंचीचा रंगमंच आणि कितीही झाडलं तरी नाकात जाणारा कोंडा. आम्ही सहा जण पोटापाण्यासाठी नाटकच करतो, असं सांगितलं की लोक विचारतात, "ते ठीक आहे, पण दिवसा काय करता?" या प्रश्नाने माझं डोकं फिरतं. आणि हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारणारे गृहस्थ माझे वडील आहेत, निवृत्त मुख्याध्यापक दीनानाथ. चार वर्षांत ते एकदाही नाटकाला आले नव्हते.

या वेळी येणार होते. आणि या वेळी मला दाखवण्यासारखं काम होतं. नाटक धरणात गेलेल्या गावाचं. तिसऱ्या प्रवेशात मी, म्हणजे साहेब, नोटीस घेऊन येतो, लाथेने दार उघडतो आणि गरजतो, "दोन दिवसांत घर रिकामं करा!" सबंध नाटकात माझं एवढंच. पण ती लाथ! महिनाभर मी घरी कपाटासमोर घटवत होतो. बाबांनी ती एकदा बघितली की पुन्हा तोंड उघडणार नाहीत, अशी माझी खात्री होती.

घात केला प्लायवूडच्या दाराने. रंगीत तालमीत मी नुसता पाय उचलला आणि दार माझी वाट न बघता आडवं झालं. आमच्या दिग्दर्शिका शुभदाताई म्हणाल्या, "खरंखुरं दार आणू या." मग गुंजवण्याहून टेम्पोतून अंबूबाई नावाच्या आजींचं दार आलं. सागवानी, चौकटीसकट, उंबऱ्यासकट. जुनं घर धरणात गेलं तेव्हा अंबूबाईंनी भांड्यांच्याही आधी हे दार सोडवून घेतलं होतं. नव्या घराला लेकाने लोखंडी दार बसवलं, आणि हे इतकी वर्षं गोठ्यात पोती गुंडाळून उभं होतं. टेम्पोतून दारामागोमाग अंबूबाईही उतरल्या.

"दार वापरा," त्या म्हणाल्या, "पर दाराला पाय लावायचा न्हाई. उंबऱ्यावर बी न्हाई. आन खेळाच्या आदी हळदकुंकू म्याच लावनार."

शुभदाताईंनी लगेच हो म्हटलं. माझी लाथ त्यांनी मला न विचारता देऊन टाकली.

"मग मी दार उघडू कसं?" मी चिडून विचारलं.

"वाजव की," शुभदाताई म्हणाल्या.

पहिला प्रयोग उत्रोलीला झाला. मी तणतणत अंगणात आलो, मिशी पिळली आणि बोटांनी टकटक केलं. मागून कुणीतरी म्हणालं, "पार्सल आलं जनू!" सगळा मांडव हसला. हसल्या नाहीत त्या फक्त अंबूबाई. प्रयोगानंतर जवळ येऊन म्हणाल्या, "ग्वाड वाजिवलंस." मला रडू यायचं बाकी होतं.

रविवारी दुपारी भोरचा प्रयोग. बाबा दुसऱ्या रांगेत चष्मा पुसत बसलेले. त्यांच्यासमोर पार्सलवाला व्हायची माझी तयारी नव्हती. मी ठरवलं, एकदाच लाथ मारायची, नंतर म्हातारीच्या पाया पडायचं. अंबूबाईंनी तिसऱ्या घंटेआधी अंगठ्याने उंबऱ्यावर कुंकवाची बोटं ओढली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

दार रंगमंचाच्या मधोमध. अलीकडे अंगण, पलीकडे घर, घरात आमच्या सहा जणांतली सुलक्षणा सुपात तांदूळ पाखडतेय. मी आलो. दोन पावलं मागे सरलो आणि पाय उचलला.

"थांब रं!"

अंबूबाई उठल्या होत्या. पदर खोचून त्या रंगमंचावर चढल्या आणि वळसा घालून घराच्या बाजूला गेल्या. सुलक्षणा सूप घेऊन मुकाट सरकली. कडी वाजली, दार उघडलं. माझा पाय अजून हवेतच होता.

"या सायेब," अंबूबाई म्हणाल्या. आवाज एकदम मऊ. "वहाना काढून या."

मी बूट काढले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. नव्वद माणसं खदखदून हसली, त्यात बाबाही असणार. मी उंबरा ओलांडून खाली बसलो. त्यांनी तांब्यातून फुलपात्रात पाणी ओतलं. तांब्या नाटकातला, म्हणजे रिकामा. मी ते रिकामं फुलपात्र तोंडाला लावलं. आता गरजायचं होतं, पण गरजता येईना.

"दोन दिवसांत घर रिकामं करायचंय, आजी," मी म्हणालो.

"व्हय. च्या ठिवू का?"

कुणीच हसलं नाही. मी नोटीस पुढे केली. ते विजेचं जुनं बिल होतं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं.

"अंगठा कुठं करायचा?"

मी बोट दाखवलं. त्यांनी अंगठा टेकवला आणि बिलावर लालभडक ठसा उमटला. उंबऱ्याचं कुंकू अजून अंगठ्यालाच होतं. शुभदाताईंनी दिवे घालवले.

आत गेल्यावर मी खरंच त्यांच्या पाया पडलो.

"तवा बी लाथ कुनी मारली न्हवती," अंबूबाई म्हणाल्या. "मारली असती तर म्या वरवंटाच घातला असता टकुऱ्यात. त्यो सायेब भला मानूस हुता. वहाना काढून आला, पानी प्याला. आता असल्या मानसाला न्हाई कसं म्हनायचं, सांग."

महिनाभर घटवलेल्या त्या लाथेची मला लाज वाटली.

नाटक संपल्यावर बाबा दाराशी उभे होते. त्यांच्या हातात माझे बूट.

"अंगणातच विसरलास," ते म्हणाले. मी बूट घातले आणि त्या प्रश्नाची वाट बघत उभा राहिलो.

बाबांनी पुन्हा चष्मा पुसला. या वेळी बराच वेळ पुसला.

"पुढचा प्रयोग कधी आहे? आणि तो मोजा शिवू नकोस."