उल्केची वाटणी

संग्रहालयात आकाशातून पडलेले दोन दगड होते आणि दालनाच्या दोन टोकांना त्यांची दोन कपाटं होती. एक दगड एका घराण्याच्या थोरल्या पातीने दिलेला, दुसरा त्याच घराण्याच्या धाकट्या पातीने. दोन्हीकडचे आजोबा सख्खे भाऊ. पण उल्का पडली तेव्हापासून दोन्ही घरांत विस्तव जात नव्हता. उल्का आमच्याच अंगणात पडली, त्यांची म्हणजे ओढ्यातला धोंडा, असं दोघांचंही ठाम मत. निदान मतात तरी एकी होती.

नव्या क्युरेटर बाईंनी दोन्ही दगडांचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. दाणे सारखे. एकातली काळी शीर दुसऱ्यात पुढे चाललेली. त्यांनी दगड एकमेकांना लावले, तर चपखल बसले. बाहेरून दोघांवर जळकी काळी साय होती; जोडावर मात्र ती नव्हती. होते ते छिन्नीचे घाव.

"छिन्नी? आकाशात?" संचालकांनी विचारलं.

"नाही सर. खाली आल्यावर."

साडेचार अब्ज वर्षं अवकाशात टकरा सोसून हा दगड शाबूत राहिला, आणि इथे दोन भावांच्या तावडीत सापडला.

दोन्ही घरांना बोलावणं गेलं. थोरल्या पातीच्या, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या ताई आल्या. धाकट्या पातीचे नातू आले, पेशाने वकील. दोघं दोन भिंतींकडे बघत बसले.

"म्हणजे आमच्या आजोबांनी घाव घातले?" ताई कडाडल्या.

"कुठल्या तरी आजोबांनी," बाई म्हणाल्या.

"आमचे शक्यच नाहीत," वकील म्हणाले. "त्यांना साधा खिळा ठोकता येत नव्हता."

"आमच्यांना तरी कुठे!" ताईंच्या तोंडून निघून गेलं, आणि त्या चक्क हसल्या. वकीलही हसले. मग दोघं एकदम बाईंकडे वळले.

"आमच्या उल्केला करवत लावायची परवानगी कुणी दिली हो तुम्हाला?"

*आमच्या.* तीन पिढ्यांत पहिल्यांदाच. तक्रार दोघांनी मिळून लिहिली. मजकूर वकिलांचा, शुद्धलेखन ताईंचं.

कणा नावाच्या अवयवाशी संचालकांचा फारसा परिचय नव्हता. त्यांनी ताबडतोब तोडगा काढला: कपाट एकच, पण दगडांमध्ये चार बोटं फट. दोन्ही घरांनी तो मान्य केला. परत जाताना ताईंनी वकिलांना पायऱ्यांवर हात दिला, "गुडघे सांभाळा," असंही म्हणाल्या.

बाईंना लेखी ताकीद मिळाली. मोडलेलं घराणं सांधल्याबद्दल एवढं बक्षीस मिळायलाच हवं होतं. ताकीद वाचताना त्यांना राग यायला हवा होता, पण हसू काही आवरेना.