सूर्याच्या पोटातलं केळं

विश्वंभरचं अलीकडचं वागणं कुसुमावतीबाईंना बघवत नव्हतं. त्यांचा हा थोरला एका काच कारखान्यात भट्टीचं तापमान मोजण्याचा पगार घेई. भट्टी जरा उतरली की जेवणावरून उठून स्कूटरला किक मारी. आणि घरातला थर्मामीटर मात्र त्यानं कपाटात घालून कुलूप लावलं होतं. का? तर त्याचे नवे गुरू भानुबापू म्हणाले, ताप हा सूर्यदेवाचा अंश, त्याला नळीत मापणं म्हणजे देवाचा अपमान.

तेही एक वेळ सोसलं असतं. पण ओवीचं काय? सात वर्षांची नात बोलताना अडखळायची. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, जिभेत खोट नाही. सराव करून घ्या आणि तिचं वाक्य तिलाच पुरं करू द्या. विश्वंभरला कुठला तेवढा धीर! पोर "बा-बाबा, म-मला" म्हणेपर्यंत हा "पाणी? बिस्कीट? झोप?" करून मोकळा. आता तर बापूंनी शब्द दिला होता: शीतळा सातमीला भर सभेत पातेल्यात सूर्य उतरवायचा आणि ओवीच्या जिभेवर त्या सूर्याग्नीचा एक थेंब. अडखळणं जळून खाक!

"आई, मी सांगून थकले," सून निरुपमा म्हणाली. ती शाळेत विज्ञान शिकवायची. "हे म्हणतात, तू पुस्तकातलं बोलतेस."

"मी तर तिसरीपलीकडचं पुस्तकच पाहिलं नाही. सातमीला सभेला येते मी. सूर्य केवढ्या पातेल्यात मावतो ते तरी बघू."

सातमीला चूल पेटत नाही. गुजराती शेजारणींच्या संगतीनं बडोद्याच्या मराठी घरांतही आदल्या दिवशी रांधायचं आणि त्या दिवशी गार खायचं. बापूंनी नेमका तोच दिवस धरला. अख्ख्या शहरात विस्तव नाही आणि यांच्या पातेल्यात उकळी!

दांडिया बाजारातला हॉल खच्चून भरला होता. मांडीवर गार थेपल्यांचे डबे, खांद्यावर कॅमेरा घेतलेला केबलवाला, मंचावर पिवळ्या रेशमातले भानुबापू. शेजारी भगव्या कापडात गुंडाळलेला अग्निकुंभ.

"भक्तों! सूर्य बाहर से साडेपाच हजार डिग्री! अने पेट में? दीड करोड! ए दीड करोड डिग्री हूं डभोई की बस में गोद में लेकर आया छूं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कंडक्टरनं बसू कसं दिलं, हे कुणालाच विचारावंसं वाटलं नाही.

बापूंनी कुंभ रिकाम्या पातेल्यात कलता केला. भसाभस पांढरा धूर! खळखळ उकळ्या! बापूंनी त्यात बोटं बुडवली आणि लगेच बाहेर काढून नाचवली. साधा फोड नाही! पुढच्या रांगेतले जयसिंगराव, ज्यांचे आजोबा दरबारात अधिकारी होते, उठले आणि त्यांनी पातेल्याला तीन वेळा मुजरा केला. मग कुंभावर कपाळ टेकलं.

"आ-आजी," ओवीनं पदर ओढला, "तो धू-धूर..."

"हो, हो, छान आहे धूर, नमस्कार कर," विश्वंभर म्हणाला.

"तू गप!" कुसुमावतीबाईंनी लेकाला दटावलं. "बोल गं बाई. मला घाई नाही."

"वाफ व-वर जाते ना? ही पा-पायाशी पडतेय."

कुसुमावतीबाईंनी डोळे बारीक केले. सारा जन्म चुलीपुढं गेलेल्या बाईला हे आधी दिसू नये? धूर पातेल्याच्या काठावरून खाली सांडत होता, पायऱ्या उतरून पुढच्या रांगेत शिरत होता. जयसिंगरावांनी पाय खुर्चीवर घेतले होते. पातेल्याला बाहेरून फ्रिजरसारखा पांढरा थर धरला होता.

बाई मंचावर चढल्या.

"बापू, पातेलं कुठल्या दुकानातलं?"

"क्या, माताजी?"

"नाही, माझं दुधाचं पातेलं गॅसवर विसरलं की काळं ठिक्कर पडतं. तुम्ही सूर्य ओतला तरी हे चकचकीत! मला असलंच हवंय."

मागं कुणीतरी खुदकन हसलं.

"ए तो दैवी पात्र छे, बा!"

"असेल. मग एवढं केळं शिजवून द्या. सातमीला मी गरम खात नाही, पण सूर्याच्या हातचं चालेल."

बापू "ना, ना" म्हणेपर्यंत प्रसादाचं केळं पातेल्यात गेलं होतं. बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. जरा वेळानं त्यांनी बापूंचाच चिमटा उचलून केळं काढलं, पदराची चौपदरी घडी करून धरलं. मंचामागच्या "जय सूर्यनारायण" फलकाचा खिळा निसटला होता. बाईंनी तो केळ्यानं ठोकून बसवला. ठक, ठक, ठक.

"शिजलं नाही हो. याचा दगड झाला. आणि हाच थेंब माझ्या नातीच्या जिभेवर ठेवणार होता?"

असं म्हणत त्यांनी कुंभाचं भगवं कापड ओढलं. आत अरुंद मानेचा ॲल्युमिनियमचा डबा.

"अगं बाई! हा तर माझ्या माहेरचा पाहुणा! पादरा गावी माझ्या भावाच्या गोठ्यात जनावरांचा डॉक्टर मोटारसायकलला हाच बांधून येतो. म्हशी गाभण राहाव्यात म्हणून वळूचं बीज गोठवून ठेवतात यात."

जयसिंगरावांनी सावकाश रुमाल काढला आणि कपाळ पुसायला घेतलं. बराच वेळ पुसत होते.

निरुपमानं माइक घेतला. "हा द्रवरूप नायट्रोजन. आपल्या हवेतलाच वायू, प्रचंड थंड करून पातळ केलेला. शून्याखाली जवळजवळ दोनशे अंश. शनीच्या ढगांहूनही गार. या खोलीची हवाच त्याला विस्तवासारखी वाटते, म्हणून तो उकळतो. उकळणारं सगळं गरम नसतं. आणि धूर म्हणजे हवेतलं बाष्प, गारठून खाली बसणारं."

"पण हात?" कुणीतरी ओरडलं.

"तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो ना? त्याच्याखाली वाफेची गादी होते. इथं बापूंची बोटं म्हणजे तवा. क्षणभर निभावतं. जास्त ठेवली तर मांस गोठतं, आणि ओल्या जिभेची तर बातच नको. लोखंड दीड हजार अंशांच्या आसपास वितळतं. सूर्य इथं आला असता तर पातेलंच काय, आपणही उरलो नसतो. यांना विचारा, रोज भट्टी बघतात." तिनं नवऱ्याकडं बोट केलं.

"बापू," कुसुमावतीबाई म्हणाल्या, "मी सूर्याची बारा नावं घेते. तेवढा वेळ हात आत ठेवा."

"मित्राय नमः" होईपर्यंत बापू मागच्या दारानं पसार झाले. चिमटाही राहिला.

विश्वंभर मान खाली घालून पुढं आला. ओवीचा हात त्यानं घट्ट धरला होता. "आई, मला वाटलं, पोर एकदाची सुटेल..."

"विश्वंभर," बाई सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "देवाला मीही हात जोडते. पण लेकराच्या जिभेवर काही ठेवायचं तर आधी विचारावं, मापावं, तपासावं. भट्टीपुढं तू तेच करतोस आणि देव काही रागावत नाही. तुझ्या लेकीनं बघितलं आणि खरं ते सांगितलं, अडखळत का होईना. तू घडाघडा बोलतोस, पण तुला एक प्रश्न विचारता आला नाही. घरी चल, कपाट उघड, थर्मामीटर बाहेर काढ. आणि उद्यापासून ही बोलायला लागली, की तू तोंड मीट."