मागून गेलेला माणूस

मी परदेशी सिनेमांच्या खाली मराठी ओळी लिहिते. लोक म्हणतात, काय मज्जा, घरबसल्या सिनेमे! मज्जा कसली डोंबलाची. एकेक वाक्य ऐकायचं, दोन ओळींत कोंबायचं, बोलणाऱ्याचं तोंड मिटलं की पुसायचं. तोच तुकडा चाळीस-चाळीस वेळा मागेपुढे. नायक-नायिका दुसऱ्या दिवशीच नकोसे होतात, मग डोळे आपोआप मागच्या माणसांकडे जातात.

ह्या सिनेमांची भाषा मी हौसेनं नाही शिकले. नवरा त्याच देशात बांधकामावर गेला आणि तिसऱ्या वर्षी त्याचा फोन बंद झाला. कंपनी म्हणाली, काम सोडून गेला. वकिलात म्हणाली, अर्ज द्या. तिकडच्या दवाखान्यांना, तुरुंगांना स्वतः फोन करता यावेत म्हणून मी शिकवणीला बसले. शवागारालासुद्धा फोन केलेत मी, त्यांच्या भाषेत, शुद्ध व्याकरणात. अकरा वर्षं झाली. माणूस सापडला नाही, भाषेनं मात्र पोटापाण्याला लावलं.

घरात मी आणि सासूबाई, दोघीच. सात वर्षांपूर्वी माझ्या भावानं एक स्थळ आणलं होतं. माणूस बरा होता, मलाही आवडला होता. सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "तो येणार गं. आईचं काळीज सांगतं." मी भावाला नाही म्हणून कळवलं.

परवा आलेला सिनेमा दोन कुटुंबांचा. तिकडची एक म्हातारी आणि आपल्याकडून तिची सेवा करायला गेलेली बाई. एकीला दुसरीची भाषा येत नाही, आणि एकीच्या लेकाच्या गाडीखाली दुसरीचा लेक येतो. ती बाई भर बाजारात फोनवर ती बातमी ऐकते, तो तुकडा मी लावत होते. तिच्या मागून एक माणूस गेला. डावा खांदा झुकलेला, पाऊल बाहेर टाकायची सवय. कडेवर मूल, टोपी-जाकिटात गुंडाळलेलं, नुसतं गाठोडं.

मी चित्र थांबवलं, मागे नेलं. रस्त्यावरची माणसं बघतात तसं त्यानं क्षणभर कॅमेऱ्याकडे पाहिलं होतं. चोरी होऊ नये म्हणून चित्रावर सिनेमा कंपनीचं नाव छापलेलं असतं, ते नेमकं त्याच्या कपाळावर. पण बायकोला ओळखायला कपाळ लागतं होय?

आधी चक्क हसू आलं. जिवंत आहे! मग त्या मुलाकडे लक्ष गेलं. मेल्या, मी तुला शवागारात शोधत होते आणि तू बाजार करत फिरतोस?

तरी वाटलं, माझं मी बघेन, पण घरातल्या म्हातारीला हे कळायलाच हवं. लेक जिवंत आहे, एवढं ऐकायलाच तर ती जगतेय.

सासूबाई स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या. "आई, जरा इकडे या. घाबरू नका हं. हा मागून जातोय ना, त्याला बघा."

त्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं. भोवळ आली तर सावरावं म्हणून मी पाठीशी उभी. पण त्या डगमगल्या नाहीत, रडल्या नाहीत, खरंच तोच आहे का, असंही विचारलं नाही. त्या गाठोड्यावर बोट ठेवून हसल्या.

"इथे लहानच आहे गं. आता शाळेत जाते."

आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं, आपण काय बोलून बसलो ते. बोट पडद्यावरच राहिलं.

"किती वर्षं ठाऊक आहे तुम्हाला?" मी विचारलं.

"नववं चालू आहे." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "शेजारणीच्या फोनवर करतो. रविवारी."

दर रविवारी त्या शेजारी गप्पा मारायला जायच्या. मीच म्हणायची, जाऊ दे, म्हातारीला तेवढाच विरंगुळा. काखेत कळसा आणि मी अख्खा परदेश पालथा घालत होते! नऊ वर्षं म्हणजे, भावानं स्थळ आणलं तेव्हा ह्यांना सगळं ठाऊक होतं. तरी ते रडणं, ते आईचं काळीज.

"लाज नाही वाटली तुम्हाला?" मी ओरडले. "माझ्या हातचं खाताना एक घास अडकला नाही?"

"अडकला की. पुष्कळदा." त्या खुर्चीत बसल्या. "तो काही मला तिकडे नेणार नव्हता. तुला सांगितलं असतं, तर थांबली असतीस का तू?"

"नसते थांबले. एक दिवससुद्धा नाही."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा नातीकडे बघू लागल्या.