वाट बघण्याची सरासरी

“ताई, ती बस कुठे गेली?” बडबडीने विचारलं.

“कुठली बस?”

“आत्ता होती ना इथे. पिवळी. थांब्यावरून निघाली आणि मधल्या रांगेत घुसायला बघत होती. आता नाहीच आहे.”

ताईने स्क्रीनवर पाहिलं. संगणकातल्या मॉडेलमध्ये दवाखान्याचा चौक वरून दिसत होता. बसेस पिवळ्या, मोटारी करड्या, दुचाक्या म्हणजे नुसते ठिपके. सिग्नल हिरवा होत होता, लाल होत होता, सगळं शिस्तीत चाललं होतं.

“वळली असेल.”

“वळली नाही. मी तिच्याकडेच बघत होते. गायब झाली.”

वर्गाने जिचं नावच बडबडी पाडलं होतं तिचं बोलणं किती मनावर घ्यायचं याचा ताईला दोन वर्षांत अंदाज आला होता. दहातली नऊ वाक्यं सोडून द्यायची असत. दहावं नेमकं नको त्या वेळी येई. उद्या सकाळी प्रबंधाचं अखेरचं सादरीकरण होतं आणि ते ऐकायला रस्ते खात्याचे अधिकारीही येणार होते. अशा वेळी एक बस इकडे तिकडे झाली तर होऊ दे, असं तिला मनापासून वाटलं. तरीही तिने मॉडेल मागे नेऊन पुन्हा चालू केलं.

बस थांब्यावरून निघाली. मधल्या रांगेच्या कडेशी येऊन तिरकी उभी राहिली. मोटारी तिच्या नाकासमोरून जात राहिल्या. बस उभीच. मग ती नव्हती. मागची मोटार मोकळ्या झालेल्या जागेतून निवांत पुढे गेली.

“बघा,” बडबडी म्हणाली, आणि चक्क गप्प बसली.

ताई वर्गात सगळ्यांत मोठी होती. बाकीचे पदवी घेऊन थेट इथे आलेले, आणि ही गावच्या रस्ते विभागात बारा वर्षं खड्डे बुजवून, अभ्यासाची रजा काढून आलेली. पहिल्या दिवशी तिला प्राध्यापक समजून अख्खा वर्ग उठून उभा राहिला होता. तेव्हापासून ती सगळ्यांची ताई. वाहतूक अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी हातात पडली की गावच्या विभागातली नवी जागा तिला मिळणार होती, फक्त या महिन्याअखेर हजर व्हायला हवं होतं. तशी वेळ गाठली तर सगळं घर पुन्हा एका छताखाली. नाहीतर जागा दुसऱ्याला, आणि तिच्या वाट्याला आणखी एक सहामाही, हीच लॅब आणि हीच हॉस्टेलची खोली.

चौक तिने स्वतः निवडला होता. कोपऱ्यावर मोठा दवाखाना, आणि बसथांबा मात्र पार चौक ओलांडून पलीकडे. उतरलेली आजारी माणसं एकमेकांचे हात धरून रस्ता ओलांडताना तिने पाहिली होती. तिने सुचवलं, थांबा दवाखान्याच्या दारात आणा. गोष्ट इतकी सरळ होती की आजवर कुणी का केली नाही, असंच ऐकणाऱ्याला वाटे. अडचण एकच. नव्या थांब्यावरून निघालेल्या बसला वळायचं तर लगेच मधल्या रांगेत शिरावं लागणार. पण मॉडेल म्हणत होतं, काही हरकत नाही. उलट चौकातलं गाड्यांचं सरासरी थांबणं चांगलं तिसऱ्या हिश्श्याने कमी होतंय. तो आकडा पाहिला तेव्हा तिच्या मार्गदर्शक सरांनी सगळ्या लॅबला चहा पाजला होता.

आणि इतके महिने मॉडेल चाललं ते चित्र बंद ठेवून. चित्र बंद असलं की झटपट धावतं, शेवटी आकडे देतं. आकडे मिळाल्यावर चौक बघायची गरज कुणाला? आज बघावं लागलं ते केवळ सरांमुळे. अधिकाऱ्यांना आकडे दाखवले की ते मोबाईल बघतात, चित्र दाखवलं की मान हलवतात, असं सरांचं मत होतं. म्हणून दोघी चित्रफीत करायला बसल्या होत्या.

कारण सापडायला वेळ लागला नाही. सॉफ्टवेअरच्या पोटात, तिसऱ्या-चौथ्या खिडकीआड, एक ओळ होती. रांग बदलायला गाडी मिनिटभर अडकून राहिली तर ती काढून टाकावी. बनवणाऱ्यांनी ती सोयीसाठी आधीच भरून ठेवलेली, एका अडेलतट्टू गाडीपायी सगळं मॉडेल तुंबू नये म्हणून. आजच्या चौकात तशी वेळ फारशी येत नव्हती, म्हणून सुरुवातीच्या तपासणीत काही दिसलं नाही. नव्या थांब्यामुळे मात्र बसमागून बस अडकत होती आणि मिनिट संपलं की पुसली जात होती. जे सगळ्यांत जास्त वाट बघत होते तेच मोजणीतून बाहेर. मग सरासरी घसरणार नाही तर काय.

ताईने ती मर्यादा काढून टाकली आणि मॉडेल पुन्हा लावलं. यावेळी चित्रासकट.

पहिली बस अडकली. तिच्यामागे दुसरी. मग मोटारी. रांग दवाखान्याच्या दारावरून मागे सरकत गेली, रुग्णवाहिकेच्या वाटेवर आली, आणि स्क्रीनच्या कडेबाहेर निघून गेली.

“ताई,” बडबडी हळूच म्हणाली, “मी काही बघितलंच नाही असं धरून चाला ना. माझी मेलीची नजरच वाईट.”

“गप्प बस गं,” ताई म्हणाली. ती उठून सरांकडे निघाली.

सर त्यांच्या खोलीत उद्याच्या पाहुण्यांसाठी खुर्च्या मोजत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ओरडले असते तर बरं झालं असतं, तिलाही थोडं भांडता आलं असतं.

“बसा आधी,” ते म्हणाले. “ती मर्यादा सगळेच ठेवतात. माझे आधीचे विद्यार्थी बघा, कुणी हात लावलाय तिला? एक तळटीप टाका. अमुक मर्यादा गृहीत धरली आहे, संपलं. ते खोटं नाही.”

“आणि थांबा, सर? ते थांबा हलवतील ना.”

“आपलं ऐकून कुणी लगेच रस्ते खणायला निघत नाही.”

“पण ते उद्या येणार आहेत तेच त्यासाठी.”

सरांनी चष्मा काढून पुसला. “तुम्हाला मुलगी आहे ना घरी? लहान आहे. तुम्ही तिला सोडून आलात, ते मी पाहिलंय. पहिल्या सहामाहीत फोन आला की जिन्यात जाऊन रडायचात. म्हणून सांगतोय. उद्या हे बोललात तर अधिकारी उठून जातील, प्रबंध मागे घ्यावा लागेल, आणि मला मुदतवाढ लिहावी लागेल. माझं काय, मी इथेच आहे. तुम्ही ठरवा. सकाळी सांगा.”

माणूस चांगला होता, हीच पंचाईत होती.

ती तशीच बाहेर पडली. खोलीवर जाऊन बॅग अर्धी भरलेली बघायचं धाडस नव्हतं. पाय आपोआप चौकाकडे वळले. संध्याकाळची गर्दी होती. दवाखान्याच्या पायऱ्यांवर माणसं बसली होती. याच पायऱ्यांवर बसून, हातातल्या यंत्राची कळ दाबत तिने गाड्या मोजल्या होत्या. ऊन लागून एकदा चक्कर आली तेव्हा आतल्या नर्सने पाणी दिलं होतं आणि विचारलं होतं, या गाड्या मोजून काय मिळतं हो?

पुढच्या वळणावर एक बस मधल्या रांगेत शिरायला अडली होती. ड्रायव्हरने हात बाहेर काढला. कुणी जागा देईना. खिडकीत एका म्हातारीच्या एका डोळ्यावर पट्टी होती आणि ती दुसऱ्या डोळ्याने सरळ ताईकडे बघत होती. मिनिट झालं. मिनिटाहून जास्त झालं. बस तिथेच होती. म्हातारीही तिथेच होती. ताईला एकदम इतकी लाज वाटली की तिने मान फिरवली.

तळटीप टाकली तर कुणाला कळणार नाही, हे तिला परतताना पावलोपावली वाटत होतं आणि प्रत्येक वेळी त्या बाईचा डोळा आठवत होता. हॉस्टेलच्या फाटकापाशी ती दोनदा उलट फिरली. घरी फोन लावावा वाटलं, लावला नाही. नवऱ्याने “तुला योग्य वाटेल ते कर” म्हटलं असतं, आणि त्या वाक्याचा तिला आताच राग येत होता.

सकाळी तिने अधिकाऱ्यांना मर्यादा काढलेलं मॉडेल दाखवलं. अधिकाऱ्यांनी एकदाही मोबाईल पाहिला नाही. रांग स्क्रीनबाहेर गेल्यावर त्यांतल्या ज्येष्ठांनी विचारलं, “म्हणजे थांबा हलवायचा नाही?”

“आज तरी नाही. आधीचा निकाल चुकीचा होता. चूक माझी आहे. थांबा दारात आणायचा तर बसला वळणासाठी वेगळा मार्ग द्यावा लागेल. तो मला पुन्हा मांडून बघावा लागेल.”

“मग आम्हाला कशाला बोलावलंत?” ते म्हणाले आणि उठले. दारात मात्र थांबले. “झालं की कळवा,” एवढं बोलून गेले.

सरांनी मुदतवाढीच्या अर्जावर सही केली. पेन टेबलावर जरा जोरातच ठेवलं. मग म्हणाले, “माझ्या आधीच्या विद्यार्थ्यांची मॉडेलं काढून ठेवा. तीही बघावी लागतील.”

दुपारी लॅब रिकामी होती. बडबडी कधी नव्हे ती न बोलता चहा ठेवून गेली. ताईने घरी फोन लावला. नवरा औषधाच्या दुकानात होता, शाळा सुटल्यावर लेकही तिथेच येऊन बसे. तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने गल्ला बंद केल्याचा आवाज आला. मागे कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं.

“जागा जाणार मग,” तो म्हणाला.

“हो.”

“सहा महिने.”

“हो.”

“बरं. हिला तू सांग. मला जमायचं नाही ते. मी आईला सांगतो.”

लेक फोनवर आली. नेहमीसारखी आल्या आल्या सुरू झाली. बाईंनी चित्र भिंतीवर लावलं, आजीने वेणी घट्ट घातली, शेजारच्या मांजरीने खोक्यात पिल्लं घातली. ताई ऐकत होती.

पहिले काही महिने प्रत्येक फोनला एकच प्रश्न असे, आई, तू कधी येणार? ताई म्हणे, पुढच्या महिन्यात. मग रडारड, मग आजी फोन काढून घेई. हळूहळू प्रश्न कमी झाला. मग थांबला. रडणंही थांबलं. त्याला आता बरेच महिने झाले होते. तेव्हा ताईने मोठ्या समाधानाने बडबडीला सांगितलं होतं, लेक माझी रुळली बाई आता, त्रास कमी झाला. ते वाक्य तिला आत्ता आठवलं, आणि समोरच्या बंद स्क्रीनकडे बघताना ती पुसली गेलेली पिवळी बस.

“तू हल्ली विचारत नाहीस,” ती म्हणाली, “मी कधी येणार ते.”

“हो.”

“का गं?”

“तू पुढच्या महिन्यात म्हणतेस ना नेहमी,” लेक म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. “म्हणून मग मी नाही विचारत. आई, तुझ्या कपाटातला खालचा खण मी घेतला. माझी रंगपेटी ठेवलीय. चालेल ना?”

“चालेल.”

“तुझ्या साड्या वर ठेवल्यात आजीने.”

“बरं.” ताईने फोन दुसऱ्या कानाला लावला. “एकदा विचार ना मला. पूर्वी विचारायचीस तसं.”

“काय?”

“तेच.”

दुकानाचा दरवाजा उघडल्याचा, मिटल्याचा आवाज आला.

“तू कधी येणार?”

“सहा महिन्यांनी,” ताई म्हणाली. “पुढच्या महिन्यात नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सहा महिने लागतील, बाळा. माझं काम चुकलं होतं, ते मला परत करायचंय.”

पलीकडे काहीच आवाज नव्हता. ताईला वाटलं, फोन ठेवून मांजर बघायला गेली असेल. मग एक हुंदका आला. मग दुसरा. मग लेक मोठ्याने रडायला लागली, पहिल्या महिन्यांत रडायची तशी, श्वास लागेपर्यंत. नवऱ्याचा आवाज जवळ आला, “अगं काय झालं, दे इकडे.”

“घेऊ नकोस,” ताई म्हणाली. “राहू दे तिच्याकडे.”

ती उगी म्हणाली नाही, पुढच्या महिन्यात म्हणाली नाही. चहावर साय धरली होती. तिने फोन कानाशी घट्ट धरला आणि लेकीचं रडणं ऐकत बसून राहिली.