कारणाची रिकामी जागा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, आणि आधीच कबूल करतो, मी पक्का भित्रा आहे. ओलं फडकं नुसतं दिसलं तरी माझा जीव वरखाली होतो. सुताराने मला घडवलं, काळा रंग दिला, आणि पुढे कितीतरी वर्षं मी शाळेत पाढे आणि नकाशे अंगावर वागवले. एकदा खिळा निसटला, मी खाली आलो आणि माझा कोपरा फुटला. मग काय, रवानगी थेट अडगळीत. तिथे वाळवीच्या धास्तीने मी अर्धा झालो होतो. तेवढ्यात शाळेसमोरच्या सलूनवाल्याने मला मागून नेलं.

हा सलूनवाला म्हणजे फुटबॉलचं वेड लागलेला माणूस. जागतिक स्पर्धा सुरू झाली की तो माझ्यावर सगळे संघ लिहायचा आणि प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचा. गुण देण्याआधी वस्तरा पट्ट्यावर घासत विचार चालायचा. हिरव्या जर्सीवाल्यांचा बचाव भक्कम, पण विश्रांती दोनच दिवस. पिवळे पळतात छान, पण शेवटी दमतात. त्याचा एक नियम होता. दिलेला आकडा बदलला, तर शेजारी कारण लिहायचं. एकदा त्याने गुपचूप आकडा बदलला होता, तेव्हा शेजारच्या शिंपीकाकांनी त्याला महिनाभर चिडवून सळो की पळो केलं होतं. तेव्हापासून माझ्यावर आकड्यांशेजारी कारणाचा रकाना आला. लोक दाढीला यायचे आणि आधी मला वाचायचे. माझी कॉलर ताठ झाली होती म्हणा ना!

सलूनवाल्याची लेक लहानपणी दुकानाच्या भिंतीवर चेंडू मारायची. निम्मे फटके मलाच बसायचे. तीच पोर मोठी होऊन देशाच्या संघाची गोलकीपर झाली. यंदा मुलींच्या जागतिक स्पर्धेत आपला संघ उपांत्यपूर्व फेरीत पोचला, तेव्हा बापाने आपल्या देशाच्या नावापुढे सात लिहिले. मुलीकडे बघून नाही हं, नीट विचार करून.

सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी दुकान रिकामं होतं. लेकीचा फोन आला. याच्या हाताला साबण होता, म्हणून फोन टेबलावर ठेवून याने आवाज मोठा केला. ती हळू बोलत होती. सरावात गुडघा मुरगळला होता, सुजला होता, आणि तिने पट्टी बांधून वर लांब मोजे चढवले होते. प्रशिक्षकबाईंना यातलं काही माहीत नव्हतं.

"बाबा, कोणाला सांगू नका," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

सलूनवाला माझ्यासमोर खडू धरून उभा राहिला. सात तसेच ठेवले तर मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलणार होतो. कमी केले तर कारण लिहावं लागणार, आणि ते कारण संध्याकाळपर्यंत गावभर होणार. आणि पोर तशीच खेळली, गुडघा कायमचा गेला, तर? मला तर तोच विचार खात होता. त्याने सात पुसून चार लिहिले. कारणाची जागा मात्र कोरी ठेवली.

शिंपीकाका आले, चष्मा वर करून त्यांनी वाचलं आणि विचारलं की हे काय, कारण कुठे आहे. हा वस्तरा धुवायला लागला. काका मान हलवत निघून गेले. मग याने स्वतःच लेकीला फोन लावला.

"मी चार लिहिलेत. कारण लिहिलेलं नाही. ते तू सांगायचं, तुझ्या बाईंना, आजच."

"मग त्या मला बाहेर बसवतील, बाबा."

"बसवू देत. मला तू चालत घरी यायला हवी आहेस."

पलीकडून फोन बंद झाला. ती रागावली होती, हे मलाही कळलं.

दुसऱ्या दिवशी गोलमध्ये दुसरीच मुलगी उभी होती. तिने जिवाचं रान केलं, पण आपण दोन गोलांनी हरलो. गल्लीत कुजबुज सुरू झाली. बापानेच पोरीच्या संघाला चार दिले, म्हणे. दोन दिवस दाढीला कोणी फिरकलं नाही. सलूनवाला रिकाम्या खुर्चीशेजारी बसून दाराकडे बघत राहायचा. लेक आता आपल्याशी बोलेल की नाही, या भीतीने त्याने जेवण टाकलं होतं. मीही भिंतीवर श्वास रोखून होतो.

तिसऱ्या दिवशी ती आली. पाय जरा ओढत होती, पण स्वतःच्या पायांनी आली. बापाला मान वर करवेना. ती सरळ माझ्यापाशी आली, खडू उचलला आणि चारच्या शेजारच्या कोऱ्या जागेत लिहिलं: 'गुडघा. मीच सांगितलं.' मग वळून म्हणाली, "बाबा, भूक लागलीय."

मित्रांनो, तुमच्या शाळेत असा एखादा जुना फळा असेल, तर त्याचा खिळा अधूनमधून तपासत जा आणि त्याला वाळवीपासून जपा. आणि दुखत असेल तर लपवू नका. सांगायची भीती वाटतेच, मला विचारा. पण सांगा.