फाटकातला बुडखा

बुडखा काढायला बोलावलेल्या मशीनवाल्याने टेप मुळांवरून धरला तेव्हाच माझं डोकं फिरलं. बुडख्याची रुंदी तो वरच्या कापावर मोजतच नव्हता. जमिनीलगत मोजत होता, जिथे मुळं हत्तीच्या पायासारखी पसरतात.

"भाव रुंदीवर असतो," म्हणत त्याने आकडा सांगितला. ताईने घेतलेल्या लेथच्या, लोखंड कातायच्या मशीनच्या, किमतीच्या जवळजवळ निम्मा.

"आत सोनं निघतं का हो?" मी विचारलं.

"उंच ठेवला असता तर दोरी बांधून तुम्हीच उपटला असता. धरायला काही ठेवलंच नाहीत. एवढा खाली कापायला कोणी सांगितला?"

आई, ताई आणि मी, तिघींनीही बाबांकडे पाहिलं नाही. आमची ही न पाहण्याची पद्धत बाबांना बरोबर कळते.

अंगणातली दोन्ही झाडं त्यांनीच पाडून घेतली होती. कापणारा सांगत होता, कमरेएवढं खोड राहू द्या. बाबा म्हणाले, खांब नकोत मला, वीतभर ठेव, बसायला होतील. त्यावर आजवर कोणी बसलेलं नाही. नीटनेटकेपणा हा बाबांचा आजार आहे. रस्त्याकडची भिंत त्यांनी स्वतः ओळंबा लावून रचली आणि तिला टेकायची आम्हाला लहानपणापासून बंदी.

एक बुडखा फाटकाच्या आत, अगदी मधोमध. दुसरा भिंतीशी, आईच्या धुण्याच्या दगडाजवळ.

आणि लेथ आजच संध्याकाळी येणार होता. बंद पडलेल्या कारखान्यातला. ताईने लोकांच्या मशीनवर राबून पैसे साठवले आणि तो घेतला. फाटकाशी उतरवून, खाली पाइप घालून, ढकलत मागच्या शेडमध्ये न्यायचा. पाइपांना सपाट जमीन लागते. बुडख्यावर फळ्या टाकून चढ केला तर लेथ आडवा होतो, त्याचं वजन सगळं एका टोकाला आणि वर. ट्रकवाल्याने आधीच बजावलं होतं, आत गेला नाही तर परत नेईन, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.

"नसेल होत तर राहू दे," बाबा म्हणाले. फार पटकन म्हणाले. मुलगी परक्याच्या कारखान्यात राबली तर ती नोकरी, स्वतःच्या अंगणात मशीन लावलं तर तो हट्ट. असलं गणित बापांनाच सुटतं.

ताईने मशीनवाल्याला वाटेला लावलं आणि शेडमधून तिच्या उंचीचं, तुळईसारखं जाड लोखंडी चॅनल ओढत आणलं.

"उंची कापली ना? परत लावते."

फाटकातल्या बुडख्यात ड्रिल गुरगुरत शिरलं. भुसा नाकातोंडात. लांबलचक बोल्ट आवळून ताईने चॅनल उभं केलं, आणि बुडख्याला पुन्हा खोड फुटलं, लोखंडी. मी भोवती खणत होते, दिसेल ते मूळ कुऱ्हाडीने तोडत होते. आई दारातून ओरडली, "पाय सांभाळ गं, तो तुझाच आहे."

चॅनलच्या टोकाला जड वजन ओढायची चेनपुली अडकवली. दुसरं टोक बांधायला अंगणात एकच भक्कम गोष्ट होती. भिंतीजवळचा बुडखा.

"आणि तोच आला तर?" बाबांनी विचारलं.

"तो कशाला येतोय? त्याला कोणी खणलंय?" ताई म्हणाली.

मी साखळी ओढू लागले. कड, कड, कड. साखळी ताठ झाली. चॅनल जरासं वाकलं. जमिनीतून कण्हल्यासारखा आवाज आला.

"हलला," ताई म्हणाली. "ओढ."

"कुठला हलला?"

"ओढ तू."

ती पण साखळीला लटकली. आईने पदर खोचला आणि तीही आली. घामाने हात सटकत होते, आम्ही हसत होतो, शिव्या देत होतो, आणि आईच्या तोंडून त्या ऐकून तर माझी ताकदच दुप्पट झाली.

मग भिंतीजवळचा बुडखा उठला. त्याने जन्मभर आईच्या धुण्याचं पाणी प्यायलं होतं, खोल जायची त्याला गरजच पडली नव्हती. मुळं चटईसारखी वर आली. त्यातलं एक जाड मूळ भिंतीखालून गेलं होतं. ते उचललं गेलं, आणि बाबांची ओळंब्यातली भिंत सावकाश, अगदी सरळ रेषेत, रस्त्यावर आडवी झाली.

धूळ. फाटकातला बुडखा जागचा हलला नव्हता.

तेवढ्यात कोपऱ्यावर ट्रकचा हॉर्न वाजला.

ताईने साखळी सोडली. मी बाबांकडे पाहिलं, या वेळी तोंड न फिरवता. म्हटलं, बोला आता, नीटनेटकं अंगण काय ते.

बाबांनी एक वीट उचलली. दुसरी उचलली. मग आत गेले आणि पातळी बघायची पट्टी घेऊन आले.

"फाटक सोडा," ते म्हणाले. "इथून येईल. हा बुडखा बाजूला ओढा, खड्डा विटांनी भरू. पाइपाला सपाट लागतं म्हणालीस ना?"

"अगदी सपाट," ताई म्हणाली.

"मग दे विटा. अशी बघत काय उभी राहिलीस?"

ट्रकवाला खाली उतरून घाई करू लागला. बाबांनी पट्टीतल्या बुडबुड्यावरची नजर न हलवता त्याला सुनावलं, "थांबायचं. एक बाजू अजून खाली आहे."

थांबला बिचारा.

लेथ भिंतीच्या जागेवरून आत आला, पाण्यावरून नाव यावी तसा. शेडमध्ये ताई त्याच्याभोवती फिरत राहिली, हात लावत राहिली. बाहेर बाबा फाटकातल्या बुडख्यावर बसले होते, चॅनलला पाठ टेकून.

"भिंतीचा खर्च किती येईल हो?" आईने विचारलं.

"कसली भिंत?" बाबा म्हणाले. "तिथे मोठं फाटक बसवू. कामाच्या गाड्या येतील आता हिच्याकडे."