जाऊबाईंचे आकडे

विद्यापीठाच्या माहिती कक्षाची प्रमुख होती थोरली, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांची समुपदेशक होती धाकटी. घरी दोघी जावा. एकाच स्वयंपाकघरात वावरायच्या, एकाच बसने कामाला जायच्या. विद्यापीठाच्या फाटकातून आत शिरलं की मात्र थोरली झपाझप पुढे निघून जायची, सोबत कुणी आहे हे माहीत नसल्यासारखी.

माहिती कक्षाला सगळे तिजोरी म्हणत. वर्गात किती मुलं येतात, कोणती खोली रिकामी असते, ग्रंथालयाच्या दाराशी कुणाचं कार्ड लागतं, सगळं तिथे गोळा व्हायचं. बाहेर काही यायचं नाही. साधा आकडा हवा असला तरी थोरलीच्या दाराबाहेरच्या बाकावर ताटकळावं लागे. प्राध्यापक, वसतिगृहाच्या अधीक्षक, उपाहारगृहाचा व्यवस्थापक, सगळे तिच्या नाकदुऱ्या काढत. रात्री जेवताना थोरली रंगवून सांगायची, आज कुणाकुणाला बसवून ठेवलं ते. सासूबाई कौतुकाने ऐकायच्या.

धाकटीला एवढंच हवं होतं की कोणती मुलं वर्गात यायची अचानक बंद झाली, ते दर आठवड्याला कळावं. मग त्यांना वेळेत फोन करता आला असता. तिने ऑफिसात मागून पाहिलं, घरी भाजी चिरता चिरता मागून पाहिलं. अशी नोंद आम्ही ठेवतच नाही, असं थोरलीने सांगितलं. नात्याच्या जोरावर कामं करून घ्यायची सवय लावून घेऊ नकोस, असंही वर ऐकवलं.

मग वसतिगृहातल्या एका मुलीने वर्गात जाणं सोडलं, पुढे जेवायला खाली उतरणंही सोडलं. लक्षात आलं तेव्हा तिला दवाखान्यात न्यावं लागलं. ती वाचली, पण शिक्षण सोडून गेली ती गेलीच. चौकशी समिती बसली. समुपदेशकाला याचा पत्ता कसा नाही, असा प्रश्न निघाला. थोरलीलाही बोलावलं होतं. तिने धाकटीकडे न बघता सांगितलं, "गैरहजेरीचे आकडे माझ्याकडे होते. कुणी मागितलेच नाहीत."

धाकटीला तोंडात मारल्यासारखं झालं. भर समितीत जावेला खोटं पाडलं तर घर फुटेल, या धास्तीने ती गप्प बसली. तिच्या नोकरीच्या फाइलीत ठपका लागला. नवरा म्हणाला, विसरून जा, वहिनीचा स्वभावच तसा आहे. धाकटी विसरली नाही. थोरलीच्या हातचा चहा तिने त्या दिवसापासून सोडला. कुणी विचारलं तर पित्त होतं म्हणायची.

पुढे नवे कुलगुरू आले. ज्याला कामासाठी जी माहिती लागते ती त्याला स्वतःच्या टेबलावर मिळाली पाहिजे, असं त्यांनी ठरवलं आणि तसं पोर्टल सुरू केलं. लोक आकड्यांचा भलताच अर्थ लावतील, असं थोरलीने बैठकीत बजावलं. कुणी मनावर घेतलं नाही. पण लोकांना ते उघडायचं कसं, वाचायचं कसं, तेच कळेना. थोडे दिवस गेले आणि बाक पुन्हा भरू लागला. थोरली गालातल्या गालात हसत होती.

ते हसू धाकटीने पाहिलं. तिने आधी पोर्टल स्वतः पालथं घातलं आणि मग विभागाविभागात जाऊन शिकवायला लागली. तिला हे काम कुणी सांगितलं नव्हतं. उपाहारगृहाच्या व्यवस्थापकाला कोणत्या वारी किती मुलं असतात ते आदल्या दिवशीच दिसू लागलं आणि अन्न फेकावं लागेना. वेळापत्रक लावणाऱ्या बाईंनी दाटीवाटीचा वर्ग मोकळ्या सभागृहात हलवला. धाकटी स्वतः सोमवारी आल्याआल्या आपल्या मुलांची गैरहजेरी बघायची आणि फोन लावायची. किती निःस्वार्थी बाई, असं लोक म्हणायचे. एकेक माणूस शिकला की ती मनात म्हणायची, हाही बाकावरून उठला.

बाक ओस पडला. थोरलीचा फोन वाजेना. जे तिला बघून उभे राहायचे ते आता मान हलवून पुढे जायचे. जेवतानाच्या गप्पा आटल्या. शेवटी माहिती कक्ष दुसऱ्या विभागाला जोडला आणि थोरलीचं दालन गेलं.

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "हे तू मुद्दाम केलंस ना?"

"हो, जाऊबाई. अगदी ठरवून."

"लोकांच्या भल्याचं नाव करून?"

"लोकांचं भलं झालंच की. मी तुमचं वाईट व्हावं म्हणून करत होते, ते वेगळं."

घरातली धुसफूस सासूबाईंपर्यंत पोचली. त्यांनी दोन्ही मुलांना आणि दोन्ही सुनांना बसवून कारण विचारलं. धाकटीने समितीतलं सगळं सांगितलं. थोरलीने हातातला रुमाल घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मागितले होते तिने. मीच दिले नाहीत. एकीला दिले असते तर सगळ्यांना द्यावे लागले असते, मग माझ्या दारात कोण आलं असतं?"

थोरल्या दिरांनी मान खाली घातली. झालं गेलं, आता मिटवा, असं सासूबाई म्हणाल्या.

"घरात सांगून काय उपयोग?" धाकटी म्हणाली. "ठपका घरात लागला नव्हता." आणि ती उठून गेली.

त्यानंतर घरात कुणी तो विषय काढला नाही. पण थोरली कुलसचिवांकडे गेली आणि समितीपुढे खोटं बोलल्याचं लिहून देऊन आली. धाकटीच्या फाइलीतला ठपका काढला गेला. तिला बरं वाटलं, पण राग उतरला नाही. त्या मुलीचं सुटलेलं शिक्षण कोण परत देणार होतं?

थोरलीने मुदतीआधीच निवृत्ती घेतली. निरोपाच्या दिवशी धाकटीचा नवरा तिला फोनवर गयावया करत होता, दोन मिनिटं तरी येऊन जा, लोक काय म्हणतील. धाकटी तेव्हा क्रीडा विभागात प्रशिक्षकाच्या शेजारी बसून त्याला मैदानाच्या वापराचे आकडे काढायला शिकवत होती. समोरच्या इमारतीतून टाळ्या ऐकू आल्या. आपण नंतर बसू या का, घरचाच कार्यक्रम आहे तुमच्या, असं प्रशिक्षक संकोचून म्हणाला.

"नको," ती म्हणाली. "वरची तारीख बदला आणि मागच्या वर्षीचं काढून बघा."